दुबईतली खोली : एका तोट्याचा हिशेब

(आपल्या सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिकांच्या मासिक सभेत केलेले भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना थोडे नीट केले आहे, आकडे मात्र तेच आहेत.)



सेक्रेटरींनी मला विषय दिला होता ‘निवृत्तीनंतरची गुंतवणूक’. मी चौतीस वर्षं बँकेत काढली, सात वर्षं आपल्या सोसायटीचा खजिनदार होतो, तेव्हा या विषयावर बोलायला हा माणूस बरा, असं त्यांना वाटलं असणार. पण गेल्या महिन्यात लिफ्टमध्ये आपल्या एका सभासदांनी मला एक रंगीत कागद दाखवला. ठाण्याच्या एका हॉटेलात प्रदर्शन होतं. दुबईत घर घ्या, पर्यटकांना भाड्याने द्या, घरबसल्या शेकडा नऊ मिळवा. ते म्हणाले, “साहेब, तुमचीही होती ना तिकडे खोली?” मी “हो, होती” म्हटलं आणि तिसऱ्या मजल्यावर उतरलो. राहतो मी पाचव्यावर.

त्या दिवशी जिना चढताना ठरवलं की आता सांगून टाकायचं.

गिरगावातल्या चाळीत आमच्या वडिलांची पागडीची खोली होती. दहा बाय बारा, पुढे गॅलरी, संडास मजल्याच्या टोकाला. आई गेल्यावर ती आम्ही दोघा भावांनी सोडली. धाकटा भाऊ छापखान्यात कंपोझिटर होता, नंतर संगणकावर पानं लावायचा, बदलापूरला राहतो. खोलीचे पैसे आले त्यात त्याच्या वाट्याला १८ लाख. तो म्हणाला, “दादा, तू बँकेतला. तूच ठेव कुठेतरी.” कागद नाही, चिठ्ठी नाही. ज्या माणसाने जामीनदाराशिवाय कुणाला दहा हजारांचं कर्ज दिलं नाही, त्याने सख्ख्या भावाचे १८ लाख असे तोंडी घेतले.

मुलगा तेव्हा दुबईत नोकरीला होता. परदेशी माणसाला तिथे ठरावीक भागांत मालकी हक्काने घर घेता येतं. २००२ पासून ते सुरू झालं. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने २०१३ च्या ऑगस्टमध्ये परदेशी घरासाठी पैसे पाठवणं बंद केलं होतं, ते २०१४ मध्ये पुन्हा खुलं झालं. माणशी वर्षाला सव्वा लाख डॉलर. म्हणजे माझ्या आणि हिच्या नावाने मिळून पाठवता येत होते. मुलगा भाडं भरतोच आहे, ते आपल्याच घरात का नको, असा विचार. डिसेंबर २०१४ मध्ये जुमेराह व्हिलेज सर्कल या नव्या वस्तीत एक स्टुडिओ घेतला. स्टुडिओ म्हणजे काय, तर एकच खोली, त्यातच ओटा. ४२० चौरस फूट. हिने फोटो पाहिला आणि म्हणाली, “गिरगावच सोडून गिरगावच घेतलं की.”

किंमत साडेपाच लाख दिरहम. त्यावर तिथल्या जमीन खात्याची शेकडा चार फी, दलालाचे दोन, आणि फर्निचर. सगळं मिळून ६ लाख ८ हजार दिरहम. तेव्हा दिरहम पावणेसतरा रुपयांच्या आतबाहेर होता, म्हणजे एक कोटी दोन लाखांच्या आसपास. माझा फंड, ग्रॅच्युइटी, गिरगावचा माझा वाटा आणि भावाचे १८.

तीन वर्षं मुलगा-सून त्यात राहिले. तोटा दिसला नाही, कारण कोणी मोजलाच नाही. २०१७ मध्ये ते दोघे कॅनडाला गेले आणि खोली रिकामी झाली. तेव्हा एका कंपनीने कागद पाठवला. पर्यटकांना रात्रीच्या हिशेबाने द्यायची, सरकारी परवाना, साफसफाई, चादरी, पाहुण्यांची बडदास्त सगळं कंपनी बघणार. तीनशे दिरहम रोज, वर्षातले सत्तर टक्के दिवस भरलेली. कागदावर पाऊण लाखाच्या वर उत्पन्न होत होतं. मी सही केली. कर्जाच्या अर्जाबरोबर असा अंदाज कोणी माझ्या टेबलावर ठेवला असता तर मी पहिला प्रश्न विचारला असता, “शेजारच्या खोलीचं गेल्या वर्षीचं स्टेटमेंट आहे का?” तो मी विचारला नाही.

२०१९ चा हिशेब माझ्या वहीत आहे, तो वाचून दाखवतो. १६० रात्री भरल्या. सरासरी १८० दिरहम. एकूण २८,८००. तीनशे कुठे आणि १८० कुठे? तर त्या वस्तीला मेट्रोचं स्टेशन नाही, समुद्र नाही. पर्यटक मरीनात नाहीतर बुर्ज खलिफाच्या बाजूला राहतो. उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर, तेव्हा माणूस दुबईला जातो तो नाइलाजाने. आणि त्याच इमारतीत आमच्यासारख्या खोल्या चावी पेटीत टाकून ओळीने उभ्या होत्या.

आता खर्च. कंपनीचे वीस टक्के, ५,७६०. बुकिंगच्या संकेतस्थळांचे पंधरा टक्के, ४,३२०. सर्व्हिस चार्ज, म्हणजे आपल्या भाषेत मेंटेनन्स, चौरस फुटाला १६ दिरहम, ६,७२०. वीज, पाणी आणि थंड हवेचं बिल ८,४००. तिथे इमारतीला थंडावा बाहेरून नळाने येतो आणि खोली रिकामी असली तरी त्याचा ठरावीक आकार लागतोच. इंटरनेट ४,३००. दुरुस्त्या, फुटलेले कप, डाग पडलेली गादी ३,९००. एकूण ३३,४००. म्हणजे ४,६०० दिरहम खिशातून. रुपयात ८७ हजार.

आपल्याकडे मेंटेनन्स पन्नास रुपयांनी वाढवला तर सर्वसाधारण सभा रात्री अकरापर्यंत चालते. मी खजिनदार असताना तुम्ही मला पाण्याच्या टँकरवरून किती छळलंत ते मी विसरलेलो नाही. पण खरं सांगतो, दुबईचं बिल ईमेलने यायचं आणि मी ते मुकाट्याने भरायचो. तेव्हा तुमची आठवण यायची.

याच्यापुढची गोष्ट रंगीत कागदावर कधीच नसते. दुबईत पगारावर, भाड्यावर आयकर नाही हे खरं. पण आपण भारतात राहतो, आणि इथे राहणाऱ्याच्या जगभरच्या उत्पन्नावर इथे कर आहे. माझ्या सीएने ते घरभाड्याचं उत्पन्न धरलं. त्यात शेकडा ३० सरसकट वजावट मिळते. कंपनीचं कमिशन, वीज, इंटरनेट वेगळं दाखवता येत नाही. त्यामुळे खिशातून ८७ हजार गेले असताना माझ्या विवरणपत्रात पावणेचार लाखांवर उत्पन्न दिसलं. हिच्या नावावरचा पैसाही मूळ माझाच, म्हणून सगळं माझ्याच माथी. ऐंशी हजारांच्या आसपास कर भरला. तोट्यावर कर! बँकेत असताना अशी केस कोणी सांगितली असती तर मी हसलो असतो.

बरं, हे दाखवायचं नाही असं कोणी सुचवेल. मलाही एकाने सुचवलं होतं. परदेशातली मालमत्ता विवरणपत्रातल्या शेड्यूल एफएमध्ये दरवर्षी लिहावी लागते, मग उत्पन्न असो वा नसो. लपवली तर २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली दहा लाखांचा दंड आहे. अलीकडे वीस लाखांपर्यंतच्या परदेशी खात्यांना, शेअरना त्यात सूट मिळाली, पण घराला ती नाही.

आता तुम्ही विचाराल, एवढं दिसत होतं तर थांबलो का? २०१९ च्या ऑगस्टमध्ये भावाला छातीत दुखलं. अँजिओप्लास्टी करावी लागली. त्याचा छापखाना आधीच बंद झाला होता. भावजयीने फोन केला, तिने पैसे मागितले नाहीत, फक्त खर्च किती सांगताहेत तेवढं सांगितलं. त्याचे १८ लाख माझ्याकडे होते आणि मला त्यातला एक रुपया काढता येत नव्हता. खोलीचा एक कोपरा मोडून विकता येत नाही. मी माझी पाच लाखांची ठेव मोडली आणि नेऊन दिली. दवाखान्यात तो मला म्हणाला, “दादा, तिकडचं बरं चाललंय ना?” मी म्हटलं, “उत्तम.”

तो ‘उत्तम’ मला तीन वर्षं पुरला. कारण खोली विकली असती तर तोटा कागदावर आला असता आणि मग त्याला सांगावं लागलं असतं. न विकता मी तो दुबईतच ठेवला होता. त्याच्यावर दरवर्षी वर खर्च करत होतो, एवढंच.

२०२० मध्ये कोरोना आला आणि काही महिने एकही पाहुणा नाही. सर्व्हिस चार्ज मात्र चालू. एका दलालाने ३ लाख ६० हजार दिरहमला गिऱ्हाईक आणलं, मी नाही म्हटलं. पण कंपनीचा करार त्या वर्षी मोडला आणि खोली वर्षाच्या भाडेकराराने दिली. केरळचा एक नर्स मुलगा आणि त्याची बायको. वर्षाला ३० हजार दिरहम, चार पुढच्या तारखांचे चेक, तिथल्या सरकारी नोंदणीत करार. हा आकडा लक्षात घ्या. पर्यटकांकडून २८,८००, आणि यांच्याकडून ३०,०००. उत्पन्न जवळपास तेवढंच. पण वीज, पाणी, थंडावा, इंटरनेट सगळं भाडेकरूचं. मला सर्व्हिस चार्ज, दलाली आणि किरकोळ दुरुस्ती. हातात वीस हजार दिरहम राहिले. तीच खोली, तीच भिंत, आणि जिथे ४,६०० जात होते तिथे वीस हजार यायला लागले. हे मी २०१८ मध्येच करू शकलो असतो. हॉटेल चालवणं हा धंदा आहे, आणि धंदा डोंबिवलीत बसून होत नाही.

तरीसुद्धा वीस हजार म्हणजे तेव्हाचे चार लाख, त्यातून कर गेला की तीन-सव्वातीन. कोटीवर शेकडा तीन. बँकेच्या दारात उभं राहिलं तरी त्याहून जास्त मिळतं. म्हणून २०२१ च्या डिसेंबरात विकायचं ठरवलं. तर कळलं, भाडेकरूला विक्रीसाठी बाहेर काढायचं तर नोटरीमार्फत बारा महिन्यांची नोटीस द्यावी लागते. कायदा चांगला आहे, माझ्याच सोयीचा नव्हता. ते वर्ष थांबलो. मुलगा भला होता, वेळेवर चेक, वेळेवर खोली रिकामी.

विक्रीसाठी मुखत्यारपत्र करून पाठवता येत होतं. नोटरी, मंत्रालय, परराष्ट्र खातं, मग यूएईची कचेरी, तिकडे अरबी भाषांतर. मी म्हटलं, त्यापेक्षा जातोच. मुलाला यायला जमत नव्हतं, हिचे गुडघे. मी भावाला विचारलं, “येतोस?” विमानात तो पहिल्यांदाच बसत होता.

त्या खोलीत आम्ही चार रात्री राहिलो. फर्निचर बरंचसं मोडलं होतं, तो पलंगावर आणि मी सोफ्यावर. दुसऱ्या रात्री मी वही काढली आणि २०१४ पासूनचा सगळा हिशेब त्याच्यापुढे ठेवला. पान पान सांगितलं. ‘उत्तम’ म्हटलं होतं तेही सांगितलं. त्याने चष्मा लावून सगळं वाचलं. प्रूफं तपासायची सवय, एका ठिकाणी बेरजेत चूकही काढली. मग म्हणाला, “मला कळत होतं रे. नफा असता तर तू गणपतीत सगळ्यांसमोर सांगितलं असतंस.” आणि बाल्कनीचं दार उघडून बाहेर उभा राहिला. थोड्या वेळाने आतून मी ऐकलं, “दादा, ही गॅलरी आपल्यापेक्षा लहान आहे.”

फेब्रुवारी २०२३ मध्ये ४ लाख ७५ हजार दिरहमला विकली. दलाली आणि कागदपत्रांचा खर्च जाऊन ४ लाख ६५ हजार. आता गंमत पाहा. ६ लाख ८ हजार दिरहम घातले, ४ लाख ६५ आले, म्हणजे जवळजवळ पाव भाग गेला. पण मधल्या काळात रुपया पडला. पावणेसतराचा दिरहम साडेबावीसच्या जवळ गेला होता. त्यामुळे रुपयात एक कोटी दोनचे एक कोटी चार झाले. आमचे एक नातेवाईक म्हणालेही, “म्हणजे सुटलात की, दोन लाख वरच!” आठ वर्षांनी दोन लाख. महागाईचा निर्देशांक लावून खरेदी किंमत काढली तेव्हा आयकराच्या हिशेबानेही तोटाच निघाला, कर शून्य. २०१४ मध्ये तेच पैसे ज्येष्ठ नागरिकाच्या मुदत ठेवीत ठेवले असते तर कर धरूनही दीड कोटीच्या वर गेले असते. पैसे मी १८० दिवसांच्या आत इकडे आणले, तोही नियम आहे.

मी विकल्यानंतर तिथले भाव आणखी वाढले. हे मला दर महिन्याला कोणी ना कोणी सांगतं. वाढले असतील. २०२० मध्ये ३ लाख ६० ला विकली नाही ती अक्कल नव्हती, भीती होती, आणि तिच्यामुळे एक लाख दिरहम वाचले. नशिबाचे ते पैसे माझ्या हुशारीच्या खात्यावर मी जमा करत नाही.

भावाचा हिशेब करताना आमचं मोठं भांडण झालं. मी १८ लाखांवर आठ वर्षांचं व्याज लावलं, आठ टक्क्यांनी साडेअकरा लाख होतं. तो व्याज घेईना, उलट दवाखान्याचे पाच लाख कापून घे म्हणाला. दोन महिने चाललं. शेवटी १८ त्याच्या नावावर आणि व्याज भावजयीच्या नावावर पोस्टाच्या योजनेत, असं तिनेच ठरवलं आणि दोघांना गप्प केलं. पाचाचा विषय पुन्हा काढायचा नाही हेही तिचंच. या वेळी कागद केला, दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी.

सभासद मित्राच्या त्या रंगीत कागदाबद्दल एवढंच. आज पैसे पाठवायचे तर वर्षाला दहा लाखांच्या वरच्या रकमेवर बँक वीस टक्के कर आधीच कापून घेते. तो नंतर विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर अडकतो. आणि ज्यांनी आधीच घेतलं आहे, असे आपल्या दोन इमारतींत तीन जण तरी आहेत हे मला माहीत आहे, त्यांनी लाजू नये. संध्याकाळी सहानंतर मी घरी असतो. गेल्या बारा महिन्यांचं स्टेटमेंट, सर्व्हिस चार्जचं बिल आणि भाडेकरार घेऊन या. प्रदर्शनातला कागद आणू नका. पाचवा मजला.