खाचरातले पाणी आणि लिथियम



भोर-वेल्ह्याकडच्या शेतकऱ्याला विचारा, भाताच्या खाचराचा वैरी कोण? तो म्हणेल, खेकडा. वरून पाऊस कोसळत असतो. पण बांधाला एक बीळ पडले की रात्रीत खाचर कोरडे! आज शास्त्रज्ञांपुढेही अशीच अडचण आहे.

ट्रॉम्बे येथे १९८५ साली ‘ध्रुव’ ही अणुभट्टी सुरू झाली. अशा भट्टीतून प्रतिन्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण निघतात. राजगडाचा डोंगर आडवा आला तरी ते आरपार जातात. त्यांतला एखादा पकडावा, म्हणून भाभा केंद्राने ध्रुवजवळ उपकरण मांडले आहे. पण हे कण नाना प्रकारच्या अणूंतून येतात. म्हणजे ते बी भेसळीचे. न्यूट्रिनोच्या तीन जाती आपल्याला ठाऊक आहेत. चौथी आहे काय, हे ठरवायचे तर बी एकाच वाणाचे हवे.

ते वाण म्हणजे लिथियम-८. प्रोटॉनांना यंत्राने वेग देऊन बेरिलियम धातूवर आदळायचे. त्यातून न्यूट्रॉन उडतात. भोवतीच्या लिथियम-७ ने न्यूट्रॉन घेतला की लिथियम-८ तयार होतो. त्याचे निम्मे अणू सेकंदाच्या आतच मोडतात आणि प्रतिन्यूट्रिनो देतात. कोबाल्ट-६० ट्रॉम्बेहून रुग्णालयात नेता येतो, कारण तो वर्षानुवर्षे टिकतो. याला नेणार कुठे? मोजायचे तिथेच पिकवावे लागते. कोरियातील एका भूमिगत प्रयोगशाळेत असे यंत्र उभारण्याची योजना आहे.

आता उत्पन्न पाहा. शंभर प्रोटॉनांमागे जेमतेम दीड-दोन अणू! मग वाढवायचे कसे? प्रोटॉन वाढवावेत, तर बेरिलियम तापून वितळण्याचे भय. म्हणून गळती बुजवायची. साध्या लिथियममध्ये शेकडा सात-आठ भाग लिथियम-६ असतो. मंद न्यूट्रॉन गिळण्यात तो लिथियम-७ च्या हजारो पट खादाड. हाच आपला खेकडा! म्हणून ९९.९९ टक्के शुद्ध लिथियम-७ घ्यायचे. त्यात बेरिलियम मिसळले, तर निसटणारे न्यूट्रॉन मंदावतात, परततात, थोडे वाढतातही.

शिक्षकबंधूंनी वर्गात हे जरूर सांगावे. मुलांनी बांध पाहिलेला असतो. त्यांना न्यूट्रॉनही समजेल. पाऊस आपल्या हातात नसतो. बांध मात्र असतो.