चहाच्या पाल्यालाही अंतिम बिल हवं

निलगिरी आणि आसामातून एवढा लांबचा प्रवास करून आलेले चहा उत्पादक बंधू-भगिनी आणि माझ्या कोल्हापूरकर शेतकरी मित्रहो,

उसाच्या मुलखात चहाची परिषद कशाला, असं मला अनेकांनी विचारलं. कपातली साखर आपली आहे, म्हटलं. खरं कारण मात्र वेगळं आहे: उसाचं आणि चहाच्या पाल्याचं दुखणं एकच आहे.

देशातला निम्म्याहून अधिक चहा आज छोट्या उत्पादकांच्या पाल्यापासून होतो. यातल्या बहुतेकांकडे एकर-दोन एकर रान, कारखाना दुसऱ्याचा. तोडलेला ऊस दिवसभर फडात राहिला तर वजन घटतं, पण चहाचा पाला पोत्यात कोंबून ठेवला की काही तासांत तापतो, लाल पडतो. मग दारात आलेला एजंट म्हणेल तो भाव. पावसात खुडलेला असेल तर ओलीची तूट वेगळी. काट्यावर काय काय होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको! लिलावाच्या सरासरीवरून टी बोर्ड दर महिन्याला पाल्याचा दर काढतं. त्या दरातून शेतकऱ्याचा खर्च निघेलच, असं नाही.

निलगिरीत ‘इंडकोसर्व्ह’चे सहकारी कारखाने आहेत, पण कुन्नूरचा लिलाव पडला की त्यांचाही हात आखडतो. केनियात छोटे उत्पादक कारखान्याचे भागधारक असतात. पाल्याचे पैसे दरमहा आणि चहा विकला गेल्यावर वर्षअखेर दुसरी रक्कम, म्हणजे आपल्या उसाचं अंतिम बिलच. त्या रकमेवरून तिथेही शेतकरी रस्त्यावर उतरतात. उतरू देत. हिशेब मागायचा हक्क आहे म्हणूनच उतरतात. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी प्रवरेला सहकारी साखर कारखाना उभा केला तो याच हक्कासाठी. पुढे आपल्याच काही कारखान्यांत त्या हक्काचं काय झालं, तेही पाहुण्यांपासून लपवू नका.

ग्राहक भांडारांच्या संचालकांच्या खुर्च्या मी मुद्दाम पहिल्या रांगेत ठेवल्या आहेत. मंडळी, तुम्ही चहा व्यापाऱ्याकडून घेता. तो थेट या उत्पादकांच्या कारखान्यातून घ्या आणि विक्रीतल्या नफ्याचा ठरलेला वाटा पाल्याच्या मालकाला द्या. उद्या संध्याकाळी पाहुणे परतीच्या गाडीत बसण्यापूर्वी निदान एका भांडाराचा करार सह्यांसकट व्हावा, एवढी माझी विनंती आहे.