थेंब सुईपर्यंत



राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने गीर, जर्सी आणि होल्स्टीन यांच्या संकरातून ‘फुले त्रिवेणी’ गाय दिली, ती याच अहिल्यानगर जिल्ह्याच्या मातीत. इथे फ्लो सायटोमेट्रीची चर्चा व्हावी, ही मला गोठ्याच्या गरजेची गोष्ट वाटते.

आमच्या गोठ्यातली एक गाय भरपूर दूध देत होती. कास मऊ, दूध स्वच्छ. आत मात्र दगडी, म्हणजे कासेचा दाह, सुरू झाली होती. लक्षात आले तोवर एक सड कायमचा गेला. दुधातल्या पेशी मोजल्या असत्या, तर आधीच कळले असते. मिलिलिटरला २ लाखांच्या वर पेशी आढळल्या की संशय घ्यावा, असे जाणकार सांगतात. फ्लो सायटोमेट्रीत रंगवलेल्या पेशी एकामागून एक लेझरसमोरून जातात आणि यंत्र काही सेकंदांत मोजून मोकळे होते.

खोळंबा होतो तो त्याआधी. १०० गाईंचे सडागणिक नमुने घेतले की ४०० कुप्या झाल्या. प्रत्येक कुपी ४० अंशांपर्यंत कोमट करायची, वर आलेली साय एकजीव होईस्तोवर हलक्या हाताने उलटसुलट करायची, मग यंत्राच्या नमुना ओढणाऱ्या सुईखाली धरायची. त्यात आधीच्या आजारी दुधाचा अंश नळीत राहिला, तर पुढच्या निरोगी गाईवर आळ येतो. मोठ्या दुग्धप्रयोगशाळांत आता कुप्या पट्ट्यावरून आपोआप सुईखाली येतात, तासाला शेकडो.

औषधशोधासाठी अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको विद्यापीठात लॅरी स्क्लार आणि ब्रूस एडवर्ड्‌स यांच्या गटाने याहून वेगळी वाट काढली. सुई नमुन्यांच्या तबकडीतल्या एका खळग्यातून थेंबाचाही अंश उचलते आणि पुढच्या खळग्याकडे जाताना हवा ओढते. नळीत नमुना, बुडबुडा, पुन्हा नमुना अशी माळ न थांबता वाहत राहते. बुडबुड्यामुळे पडलेल्या खंडावरून संगणक नमुने वेगळे ओळखतो. उसाला दारे धरणाऱ्याला हे चटकन उमजेल: एका वाफ्याचे दार बांधून मगच दुसऱ्याचे फोडायचे.

संशोधक मित्रांकडे माझे एकच मागणे आहे. आपोआप नमुने उचलण्याची ही सोय तालुक्याच्या दूध संघाला परवडेल अशी करा. दुधाच्या स्निग्धांशाने नळी तुंबू नये, आणि मध्येच वीज गेली तरी कुठली कुपी कुठल्या गाईची, हे यंत्राने विसरू नये.

उद्या पहाटे ५ वाजता संकलन केंद्राकडे गाड्या निघतील. नमुना कुपीत कसा पडतो, तिथून तो किती हातांतून जातो, हे आपण सर्वांनी धारेच्या वेळीच पाहावे, अशी माझी विनंती आहे.