घंटा वाजली, पुढे काय?

(संस्थेच्या वार्षिक सभेनंतर केलेल्या भाषणाचा मजकूर)



नवे सेन्सर बसवायचे का, यावर आपली चर्चा चालू आहे. कोटेशनं मी वाचली. उपकरणं किती ते सगळ्यांत आहे. घंटा वाजल्यावर कोणी काय करायचं, ते एकातही नाही. म्हणून एक जुनी हकिकत सांगतो.

१९४० साली जर्मन विमानं इंग्लंडवर चालून येत होती. किनाऱ्यावर रडार होतं, पण ते समुद्राकडेच बघायचं. विमान जमिनीवर आलं की पुढे दुर्बीण घेऊन, कान टवकारून बसलेली माणसंच उपयोगी. त्यात एकाच टोळीची बातमी दोन-तीन रडार ठाण्यांवरून वेगवेगळी यायची. हवाईदलाचे ह्यू डाउडिंग यांनी यासाठी लंडनजवळ बेंटली प्रायरीत एक खोलीच ठेवली होती. रडारवाल्यांचे फोन आधी तिथे. जुळवाजुळव झाली की मगच बातमी पुढे. नकाशावरच्या खुणांना लाल, पिवळा, निळा असे रंग, आणि भिंतीवरच्या घड्याळात दर पाच मिनिटांच्या पट्ट्यालाही तेच. बातमी किती शिळी आहे, ते बघताक्षणी कळे. (आमच्या लेजरला ही सोय हवी होती!) कुठली विमानं उडवायची, ते त्या त्या ग्रुपच्या मुख्यालयातला अधिकारी ठरवी. वर विचारत बसत नसे.

हे सगळं पहिल्या दिवसापासून सुरळीत नव्हतं बरं का. ६ सप्टेंबर १९३९ ला, युद्ध जाहीर होऊन तीनच दिवस झाले होते, खोट्या इशाऱ्यावर उडालेल्या स्पिटफायर विमानांनी आपलीच दोन हरिकेन पाडली. एक वैमानिक गेला.

आता आपलं. बी विंगची धुराची घंटा मिरचीच्या फोडणीने तीनदा वाजली. चौथ्यांदा कोणीतरी ती बंदच करून टाकली. कोणी, ते विचारत नाही. माझाही होकार होता. मीटर रूममध्ये वायर जळाली तेव्हा घंटा मुकी होती. वास आला तो दूध टाकणाऱ्या मुलाला, म्हणून आज आपण इथे हसतखेळत बसलोय.

सेन्सर जरूर घ्या. पण घंटा स्वयंपाकघराजवळून हलवा, बंद केली तर वहीत सही करा, आणि रात्रीच्या वॉचमनला अग्निशमन दलाला फोन करायची आणि पंप चालू करायची मुभा द्या. सेक्रेटरींना उठवायचं नंतर. काल त्याला विचारलं, पंपाची चावी कुठे असते? म्हणाला, "काका, ऑफिसच्या कपाटात. कपाटाची चावी सेक्रेटरीसाहेबांकडे."