मोटारीचा थर्मोस्टॅट

उन्हाळ्याच्या सुटींत पुण्याहून महाबळेश्वरास निघालेल्या एका कुटुंबाची मोटार पसरणीच्या घाटांत उभी आहे. एंजिनावरून वाफ निघते आहे, आणि गृहस्थ पाण्याची बाटली घेऊन रेडिएटरकडे धांवत आहेत. हें दृश्य श्रोत्यांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. त्या गृहस्थांस प्रथम थांबविलें पाहिजे. तापलेल्या रेडिएटरचें झांकण सैल होतांच उकळतें पाणी तोंडावर उसळतें, आणि तापलेल्या एंजिनांत गार पाणी ओतल्यास धातूस तडा जाण्याचें भय असतें. एंजिन बंद करून तें पुरतें निवेपर्यंत बसून राहणें, एवढाच तेथें शहाणपणा.

चौकशी केली तर पुष्कळदां असें निघतें कीं, मागें केव्हां तरी मिस्त्रीनें थर्मोस्टॅट काढून टाकलेला आहे. "आपल्याकडे थंडी कुठें आहे, साहेब?" हा त्याचा युक्तिवाद ऐकावयास सयुक्तिक वाटतो, पण तो खोटा आहे. थर्मोस्टॅट म्हणजे एंजिन व रेडिएटर यांमधील आपोआप उघडणारा दरवाजा. त्यांतील लहानशा डबींत मेण असतें. ही युक्ति सर्जियस व्हर्ने यानें १९३० ते १९४० च्या दरम्यान काढली. पाणी सुमारें ८२ ते ९० अंशांपर्यंत तापलें म्हणजे मेण वितळून फुगतें, कांडी ढकलली जाते व दरवाजा उघडतो. तो नसला तर एंजिनास योग्य ऊब येण्यास फार वेळ लागतो, आणि तोंपर्यंत पेट्रोल व झीज दोन्ही वाढतात. इतकेंच नव्हे, कित्येक एंजिनांत थर्मोस्टॅट उघडतांना रेडिएटर टाळून जाणारी आडवाट बंद करीत असतो. तो काढल्यावर ती वाट कायम उघडी राहते, कांहीं ऊन पाणी न निवतांच पुन्हां फिरतें, आणि थंडाव्यासाठीं केलेला उपाय घाटांत उलटतो!

संशय आल्यास परीक्षा पातेल्यांत होते. थर्मोस्टॅट दोऱ्यानें पाण्यांत टांगावा, तळास टेकूं देऊं नये, व पाणी तापवावें. अंगावर कोरलेल्या अंशाजवळ तो उघडूं लागला पाहिजे. (थर्मामीटर अर्थातच तापाचा नव्हे, आणि पातेलें जुनेंच मागावें, नाहीं तर घरांत दुसरेंच कांहीं तापेल.)

नवा बसवितांना एंजिन गार हवें. जुन्या गॅस्केटचा कणन् कण धातूस ओरखडा न पाडतां खरवडावा. मेणाच्या डबीची बाजू एंजिनाकडे. लहानशी लोंबती खीळ असल्यास ती वरच्या अंगास, म्हणजे कोंडलेली हवा निघून जाते. बोल्ट आळीपाळीनें, थोडे थोडे आवळावे. फुगलेल्या वा भेगाळलेल्या रबरी नळ्याही त्याच वेळीं बदलाव्या.

झांकणाकडे मात्र कोणी पाहत नाहीं. महाबळेश्वराच्या उंचीवर उघडें पाणी सुमारें ९५ अंशांवरच उकळतें. झांकणाची स्प्रिंग आंत दाब राखते म्हणून तें ११० अंशांपुढेंही उकळत नाहीं. स्प्रिंग थकली, रबर कडक झालें, कीं नवा थर्मोस्टॅटही व्यर्थ. झांकण त्याच दाबाचें घ्यावें.

कूलंट सामान्यतः निम्मा व क्षार काढलेलें पाणी निम्में घालून, हीटर पूर्ण ऊन ठेवून एंजिन चालवावें. हवेचे बुडबुडे थांबले, कीं दुसऱ्या दिवशीं सकाळीं गार असतांना पातळी पुन्हां पाहावी. काढलेला कूलंट उघड्यावर ठेवूं नये; तो चवीस गोड व अत्यंत विषारी असतो, आणि कुत्रीं तो चाटतात.