बुरशी नशिबाची नसते

(खालापूर तालुक्यातल्या एका बौद्धवाड्यात तरुणांच्या बैठकीत केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही, इंजिनियर नाही. गवंडी आहे. कर्जत-खालापुरात वीस वर्षं थापी चालवली. मुंबईवाल्यांची फार्महाऊसं बांधली, आपली घरकुलंही बांधली. आज मी भिंतीवर बोलणार. हसू नका. भिंत बोलते, आपण ऐकत नाही.

श्रावणात आपल्या घरात काय होतं? कोपऱ्यात काळे ठिपके. गोधडीला कुबट वास. भिंतीचे पोपडे भाकरीत पडतात. पोरगं रात्रभर खोकतं. आणि म्हातारी म्हणते, "आपल्या नशिबालाच ओल हाय."

नशीब? च्यायला, पाऊस तर सगळ्यांवर सारखाच पडतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर. बंद फार्महाऊसातही बुरशी येते. बुरशी जात बघत नाही, ओल बघते. पण ओल कुणाच्या भिंतीत ठेवायची, हे माणसं ठरवतात.

माझंच सांगतो. फार्महाऊसच्या जोत्यावर मी ओल अडवणारा काँक्रीटचा थर घालायचो, मजुरी घेऊन. माझ्या स्वतःच्या घरकुलाला ठेकेदारानं तो घातला नाही. मी बघितलं. हप्ता अडकेल म्हणून गप्प बसलो. आज माझी मुलगी दम्यानं बसून रात्र काढते. ओलीनं आणि बुरशीनं दमा बळावतो, हे जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ सालीच लिहून ठेवलंय. मी काय केलं? दर दिवाळीला काळ्यावर चुना मारला. गुन्हेगारानं पुरावा झाकावा तसा.

तेव्हा ऐका. ओल तीन वाटांनी येते. जमिनीतून वर चढते, छपरा-भिंतीतून आत शिरते, आणि घरातल्या घरात तयार होते – चुलीवरचा वाफारा, ओले कपडे, माणसांचा श्वास. कुठली आपली? कोरड्या दिवशी प्लास्टिकचा तुकडा भिंतीला चारी बाजूंनी चिकटवा. दोन दिवसांनी बघा. पाणी प्लास्टिकच्या मागे असेल तर दोष भिंतीचा. पुढं असेल तर हवा कोंडलीय.

बांधणाऱ्यांनो, जोतं उंच घ्या, त्यावर ओल अडवणारा थर घाला. स्लॅबला उतार द्या, पाणी एक दिवस साचवून तपासा. छज्जा दीड-दोन फूट बाहेर काढा, त्याच्या खालच्या कडेला बोटभर खाच ठेवा. नाहीतर पाणी वळून भिंतीवर येतं. खाडीची खारी रेती वापरू नका, मीठ ओल धरतं. खिडक्या समोरासमोर ठेवा. ओल्या भिंतीला रंग लावला तर ओल आत कोंडते.

राहणाऱ्यांनो, बुरशी कोरड्या फडक्यानं झाडू नका. तिची पूड श्वासात जाते. तोंडाला फडकं बांधा, साबणाच्या पाण्यानं पुसा, भिंत वाळवा. ब्लीचिंग वापरलं तर त्यात ॲसिड किंवा संडास धुण्याचं औषध मिसळू नका. विषारी वायू होतो. पण ओलीची वाट बंद केली नाही, तर पुढच्या पावसात बुरशी परत येणारच.

कुणी म्हणेल, तुम्ही राहताच तसे. हे बोलणं सातासमुद्रापलीकडेही चालतं. इंग्लंडात रॉचडेलला २०२० च्या डिसेंबरात अवाब इशाक नावाचं दोन वर्षांचं पोर मेलं. आईबाप सुदानहून आलेले. बाप २०१७ पासून बुरशीची तक्रार करत होता. घरमालक संस्थेनं दोष घराला नाही, कुटुंबाच्या राहणीला दिला. २०२२ साली मृत्यूच्या चौकशीत निघालं, पोर बुरशीनंच मेलं. लोक उठले. २०२३ साली त्या पोराच्या नावानं कायदा झाला: ठरल्या मुदतीत घरमालकानं ओल काढलीच पाहिजे.

आपल्याकडं काय? २०१६ पासूनच्या पंतप्रधान आवास योजनेत ग्रामीण घर किमान २५ चौरस मीटरचं. सपाटीला मदत १ लाख २० हजार. आणि नियमात ठेकेदार नाहीच! घर लाभार्थ्यानं स्वतः उभं करायचं. मग माझ्या जोत्यावर ठेकेदार आला कुठून? मी येऊ दिला म्हणून.

म्हणून पोरांनो, घोषणा नंतर. येत्या उन्हाळ्यात वाड्यातलं एकेक घर बघू. जोतं, छप्पर, छज्जा. वहीत लिहू. नवं घरकुल उठेल तिथं जोत्यावरचा थर पडल्याशिवाय भिंत चढू द्यायची नाही. गवंडी मी देतो. फुकट. माझ्या गप्प बसण्याचं ते व्याज समजा.

दुसऱ्याच्या भिंती आपण कोरड्या ठेवल्या. आता आपल्या.

जयभीम.