तुळस, उंदीर आणि गॅमा किरण

गॅमा किरण शरीरातल्या पेशीत शिरले की तडाखा मुख्यतः पाण्याला बसतो, कारण पेशीत सर्वांत जास्त तेच असते. पाण्याचे रेणू फुटतात, त्यांतून मुक्त मूलके नावाचे अतिशय उतावीळ तुकडे सुटतात आणि डोळ्याचे पाते लवायच्या कितीतरी आधी डीएनएवर तुटून पडतात. म्हणून ढाल हवी ती आधीच जागेवर. १९४९ साली अमेरिकेत हार्वे पॅट आणि सहकाऱ्यांनी उंदरांना सिस्टीन हे अमिनो आम्ल दिले. किरणांपूर्वी दिले तेव्हा पुष्कळ उंदीर जगले. नंतर दिले, तर उपयोग शून्य.

पुढे अमेरिकी लष्कराच्या संशोधनातून अॅमिफॉस्टीन आले. डोक्या-मानेच्या कॅन्सरवरील किरणोपचारात तोंड कोरडे पडू नये म्हणून १९९९ मध्ये तिथे त्याला मान्यताही मिळाली. पण उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. मग कमी त्रासाचे काही वनस्पतींत सापडेल का, याचा शोध अनेकांनी घेतला.

त्यांत मला मोलाचे वाटते ते मणिपालचे काम. तिथल्या कस्तुरबा मेडिकल कॉलेजात डॉ. पी. उमा देवी आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात तुळशीच्या पानांचा अर्क तपासला, मग त्यातली ओरिएंटिन आणि व्हायसेनिन ही फ्लेव्होनॉइड द्रव्ये. मात्रा किती? वजनाच्या किलोमागे ५० मायक्रोग्रॅम. म्हणजे २५ ग्रॅमच्या उंदराला जेमतेम सव्वा मायक्रोग्रॅम! तेवढ्यानेही घातक किरण झेललेले अधिक उंदीर तगले, अस्थिमज्जेतील गुणसूत्रांची मोडतोडही कमी झाली. अर्थात ही कर्णाची कवचकुंडले नव्हेत. तेवढेच मृत्यू घडायला किरणांची मात्रा सुमारे १.३ पट लागली, इतकेच.

रुग्णांचे नातेवाईक मला विचारतात, "शेक चालू आहे, तुळशीचा काढा द्यायचा का?" मी म्हणतो, उंदरांना शुद्ध द्रव्य टोचले होते, तेही किरणांच्या आधी. काढ्यात ते किती आणि पोटातून रक्तात किती उतरेल, हा हिशेब निराळा. शिवाय शेक देतात तो गाठ मारायला, आणि ते काम बरेचसे हीच मूलके करतात. ढाल गाठीलाही मिळाली तर? 'अँटिऑक्सिडंट'च्या जाहिरातींत ही शंका मला तरी कधी दिसलेली नाही. चहातली दोन पाने सोडा. पण अर्क किंवा गोळ्या रोज घेत असाल, तर शेक सुरू होण्यापूर्वीच डॉक्टरांना सांगा. डबी सोबत न्या, म्हणजे नाव आठवत बसायला नको.